रफूगाराचा जोड

“मग तुटला कसा?”

दस्तगीरबाबांनी विचारलं आणि हातातला पाइपचा तुकडा उलटा केला. हातभर लांबीचा तुकडा, वर पांढरा रंग, एका टोकाला तुटलेला.

समोर बसलेला दामोदर पतंगे जरा वेळाने म्हणाला, “भार एकदम पडला, बाबा.”

“कुणाचा?”

“आमच्या हिचा.”

बाबांना दिसत नव्हतं. गावाबाहेरच्या तकियात फकीर होऊन बसण्याआधी त्यांचा उभा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात गेला होता. तरुणपणी काच डोळ्यांपुढे न धरता काम करायची मस्ती होती, त्यात डोळे गेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बाकीचं काम बोटांकडे होतं.

बोटं तुटलेल्या कडेवरून फिरली. पुन्हा फिरली.

“यात जोड कुठं आहे?”

“तिथंच होता.”

“मला लागत नाही.”

“लागणार नाही बाबा. घासून सपाट केला होता. वरून रंग दिला.” एवढं सगळं होऊनही दामोदरच्या आवाजात थोडी ऐट आलीच. “कुणीही यावं आणि जोड कुठंय ते दाखवावं.”

बाबांचं बोट त्या कडेवरच राहिलं.

दामोदर हा गावातला रफूगार. शालूवर निखारा पडो की कोटाला उंदीर लागो, त्याने रफू केलं की फाटलं होतं कुठं, ते खुद्द मालकाला सापडायचं नाही. या गोष्टीचा त्याला गर्व होता. खोटं कशाला बोला, काम गर्व करण्यासारखंच होतं. पण गर्वाला आपलं दुकान कुठं संपतं ते कळत नाही, तसं त्याचं झालं.

वर्षापूर्वी त्याच्या बायकोच्या, वत्सलाबाईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू पाय उचलायला लागला. डॉक्टर म्हणाले, खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला धरायला दांडा करून घ्या, त्या आपल्या आपण चालतील.

दामोदरच्या मेव्हण्याने ग्रिलचं दुकान बंद करून गाव सोडलं, तेव्हा तो वेल्डिंगचं जुनं मशीन यांच्या पडवीत टाकून गेला होता. तेलाने गार राहणारं विजेचं मशीन, पिंपाएवढं, डोक्यावर करंट कमीजास्त करायची मूठ. चालू केलं की घरभर घुमायचं. दामोदरने त्यावरची धूळ झटकली. आपला जन्म जोडण्यात गेला, मग दांड्याला दुसरा माणूस कशाला बोलवायचा? कापड काय आणि लोखंड काय.

दांडा फार देखणा झाला. शेजारीपाजारी बघून गेले. वत्सलाबाई त्याला धरून चालायला लागल्या, मोरीपर्यंत जाऊन तोंड धुऊन यायला लागल्या. येताना हसायच्या.

मग एका सकाळी मोरीजवळच्या वळणावर जोड सुटला.

त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

“ऑपरेशन झालं,” दामोदर सांगत होता. “हाड धरलंय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा संपायच्या आत उभं राहायला पाहिजे. नाही तर…”

“नाही तर?”

“नाही तर मग खाटच.”

तकियातल्या चिंचेखाली कुत्रं झोपलं होतं. त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा टाकली.

“मला शिकवा, बाबा. या वेळी तुटता कामा नये.”

“मूठ कुठवर फिरवली होतीस?”

“थोडीच. जास्त फिरवली की पाइपला भोक पडायचं. मी एकही भोक पडू दिलं नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

बाबांनी तो तुकडा आपल्या चटईखाली सरकवला.

“हा राहू दे माझ्याकडं. घरी जा. दोन तुकडे जोड. घासायचं नाही, रंग नाही. आणून दाखव.”

“असे किती आणू?”

“तुटायचे थांबतील तोवर.”

*

पहिला तुकडा घेऊन तो दुसऱ्या दिवशी आला.

बाबांनी अंगठा फिरवला. तकियाच्या दगडी पायरीला एक फट होती, तिच्याकडे बोट केलं.

“अडकव. हातोडा घे. तोड.”

“कष्टाने केलाय, बाबा.”

“तोड.”

एका घावात दोन तुकडे झाले. दामोदरचं तोंड उतरलं.

“बघ, आत काय दिसतं.”

दामोदरने बघितलं. “एक कड काळी झालीय. दुसरी… दुसरी जशीच्या तशी आहे. दुकानातून आणली तशी.”

“तुझा वेल्डिंगचा रॉड वितळला. लोखंड वितळलं नाही. रॉडचा रस वर नुसता लोळलाय, वाळत घातलेल्या पापडासारखा. दोन्ही कडा वितळून पातळ झाल्या पाहिजेत, दामोदर. एकीनं काय होतं?”

“करंट वाढवला तर भोक पडेल.”

“पडू दे.”

“बाबा, माझ्या हातून…”

“भोक भरता येतं. न लागलेला जोड कशानं भरशील?”

दामोदर मान खाली घालून बसला. रफूगाराला भोक पाडायला सांगणं म्हणजे जेवायला बसलेल्याला ताटात माती घ्यायला सांगणं. तो उठायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, “माझी हिरवी शाल आठवते?”

“आठवते की. मीच रफू केलं होतं.”

“माझ्या गुरूच्या चिलमीची ठिणगी पडली होती त्या जागी. बोट घालून बसायचो मी त्या भोकात. आता हुडकतो, सापडत नाही.”

“म्हणजे काम चांगलं झालं.”

“फार चांगलं झालं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

*

घरात मशीन चालू झालं की विजेचा जोर कमी व्हायचा. ठिणगी पडली की वत्सलाबाईंच्या खाटेवरचा पंखा मंदावायचा. रॉड लोखंडाला चिकटला तर जवळजवळ थांबायचाच. मग पडवीतून दामोदरचं पुटपुटणं, रॉड हिसकून काढल्याचा आवाज, आणि पंखा पुन्हा गरगरायला लागायचा.

त्यांना उठून बघता येत नव्हतं. त्या पंख्याकडे बघायच्या.

“आज सारखा थांबत होता,” त्या म्हणायच्या. “फार चिकटला का हो?”

“चिकटला.”

“जमेल.”

काही दिवसांनी म्हणाल्या, “आज बराच वेळ एकसारखा हळू फिरला. आज बरं चाललंय, नाही का?”

दामोदरला हसू आलं. तिच्यासाठी करतोय ते ती छताकडे बघून ओळखत होती. तो पुन्हा पडवीत गेला.

त्या दिवशी त्याने दोनतीनदा घाई केली. काच डोळ्यांपुढे यायच्या आत रॉड टेकवला. दिवेलागणीला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना. डोळ्यांना वेल्डिंग लागलं की सगळे करतात तेच त्याने केलं. कच्च्या बटाट्याच्या चकत्या केल्या आणि खाटेशेजारी सतरंजीवर आडवा झाला.

वत्सलाबाईंनी खाटेवरून डावा हात खाली सोडला आणि चाचपडत चकत्या त्याच्या डोळ्यांवर नीट बसवल्या. हात तिथंच राहू दिला.

“माझ्यापायी किती त्रास तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यांवर बटाटा होता. तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं, त्याचं तिला. बोलायची असलेली गोष्ट बोलायला याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही.

त्याने तोंड उघडलं…

“बटाटा गार आहे,” तो म्हणाला.

“हो ना,” त्या म्हणाल्या.

तिच्या उशाशी ताट तसंच होतं. त्यात अर्धी भाकरी उरली होती. सकाळीही उरली होती.

*

“रॉड टेकवला की आवाज कसा येतो?” बाबांनी विचारलं.

“फटफट येतो. तुटक.”

“कुरडई तेलात सोडली की येतो तसा आला पाहिजे. सलग. हात स्थिर ठेव आणि कानानं शीक. डोळ्यांचा फार भरवसा धरू नकोस. माझं बघतोस ना?”

“हो.”

“तोड.”

दामोदर तुकडे आणत गेला, तोडत गेला. पायरीजवळ ढीग झाला. तकियात नवस बोलायला येणाऱ्या बाया त्या ढिगाला वळसा घालून जायच्या. कुणीतरी त्यावर हळदकुंकूही वाहिलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “वाहू दे. मोडलेल्या वस्तूला कोण वाहतं एरवी?”

एक दिवस दामोदर आला तो दारातच घुटमळला.

“काय झालं?”

“आज भोक पडलं.” आवाज चोरासारखा होता. “मोठं पडलं. बोट जाईल एवढं.”

“आण इकडं.”

बाबांनी बोट घातलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“आता भीती गेली तुझी. भर हे भोक. थोडं टेकव, थांब. लाल विझू दे. मग पुन्हा टेकव. घाई करायची नाही. भरलं की घेऊन ये.”

त्याने ते भरलं. ओबडधोबड, फुगलेलं, लहान पोराने पहिल्यांदा घातलेल्या टाक्यांसारखं दिसत होतं. त्याला ते रस्त्याने उघडं न्यायची लाज वाटली. पिशवीत घालून आणलं.

“तोड,” बाबा म्हणाले.

त्याने हातोडा घातला. पाइप वाकला. पुन्हा घातला, पाइप आणखी वाकला. दामोदर घामाघूम झाला. पाइप पार दुमडला, पण जोड होता तिथंच होता.

“तुटत नाही, बाबा.”

“नाही ना?”

“नाही तुटत!” तो रडायच्या बेताला आला होता.

“मग जा. दांडा कर.”

तो पायऱ्या उतरला तेव्हा बाबांनी मागून विचारलं, “बाई कशी आहे?”

“बारीक झालीय.” तो थांबला नाही. त्याला घाई होती.

*

दांडा झाला. या वेळी घासला नाही, रंग दिला नाही. प्रत्येक वळणावर जोड बोटाएवढा वर आलेला, काळा, उघडा. दामोदर सगळ्या वजनानिशी त्याला लोंबकळला. शेजारच्या पैलवान गड्याला बोलावून त्यालाही लोंबकळायला लावलं. दांडा हलला नाही.

डॉक्टर येऊन गेले. आता उभं करा म्हणाले. पाऊस तोंडावर आला होता.

पण तकियात आठवड्याने दामोदर आला, तो जिंकलेल्या माणसासारखा आला नाही. येऊन पायरीवरच बसला.

“धरत नाही, बाबा.”

“काय?”

“दांडा. हात लावत नाही ती. मी धरून उभी केली, दांड्याजवळ नेली. हात पुढं केला तिनं आणि मागं घेतला. थरथरायला लागली. खाटेवर नेऊन निजवावं लागलं.”

बाबांनी मान तिरकी करून कान दिला.

“मी सांगितलं तिला, हा तुटणार नाही. शेजारचा पैलवान लोंबकळला त्याला, ते पण सांगितलं. मान डोलवते. म्हणते, दांडा चांगलाच झालाय हो. पण धरत नाही.”

“मग कशाला भिते?”

“कळत नाही.”

“कळत नाही?”

दामोदरने हातातली टोपी दोनदा घडी केली आणि दोनदा उलगडली.

“पडली तेव्हा शुद्धीवर होती का?” बाबांनी विचारलं.

“होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली… काय झालं हो?”

“तू काय सांगितलंस?”

वरून चिंचेचा पाला गळत होता. कुत्रं उठून सावलीत सरकलं.

“दामोदर.”

“मी म्हणालो…” त्याने टोपी मुठीत आवळली. “म्हणालो, सगळा भार एकदम टाकलास तू. दांड्याला एवढं वजन कसं सोसेल?”

“खरं होतं ते?”

दामोदरने मान हलवली. मग आठवलं, बाबांना दिसत नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, चुकलं माझं.”

बाबांनी शाल खांद्यावर ओढली. बोटं सवयीने त्या जुन्या भोकाची जागा हुडकायला गेली, फिरली, रिकामीच परत आली.

“त्यानंतर कधी बोलणं झालं यावर?”

“नाही. तिनं काढलं नाही. मीही… वाटलं, चांगला दांडा करून दिला की मिटेल. विसरेल ती.” तो घाईघाईने म्हणाला, “मी काही केलं नाही असं नाही ना, बाबा? सगळा उन्हाळा घातला. हात भाजले, डोळे गेले होते माझे. जोड तुटत नाही आता, तुम्हीच बघितलं. अजून काय करू?”

“जेवते का?”

“काय?”

“बाई. जेवते का नीट?”

दामोदरने मान खाली घातली.

“अर्धी भाकरी. परवापासून चतकोर. भात तर सोडलाच.”

“भूक नाही?”

“भूक आहे. ताटाकडे बघत राहते. मी काल हातापाया पडलो, म्हटलं खा गं, अंगात ताकद नसली तर उभी कशी राहशील? तर म्हणाली…”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, थोडे दिवस थांबा. आणखी थोडी हलकी झाले की धरीन.”

आणि हे बोलल्यावर, जणू आपलंच बोलणं आत्ता आपल्या कानावर पडावं तसा, दामोदर पायरीवर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. त्याचे खांदे हुंदक्यांनी हलायला लागले. बाबांनी त्याला गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

तो आपणच शांत झाला. धोतराच्या सोग्याने त्याने तोंड पुसलं. उन्हं कलली होती. घरी खाटेवर ती पंख्याकडे बघत पडली असेल, थोड्या वेळाने चुलीवर भाकरी टाकायची वेळ होईल, आणि तो ताट नेऊन ठेवेल, आणि ती म्हणेल बास.

“मी जाऊ?” त्याने विचारलं.

बाबांनी चटई उचलली. खालून तो पहिला पाइपचा तुकडा काढला. पांढरा रंग अजून तसाच होता, तुटलेली कड गुळगुळीत, कुठंच न वितळलेली. त्यांनी तो शालीने पुसला आणि पुढे केला.

दामोदरने दोन्ही हातांत घेतला.

“याचं काय करू, बाबा?”

“आज तिच्या ताटात,” बाबा म्हणाले, “भाकरीच्या आधी हा वाढ.”